'रॉकीज बूट्स' : उत्तर नव्हे, नियम मागणारे कोडे

१/ मुलांना संगणकीय विचार शिकवणाऱ्या कोड्यांचा इतिहास बहुधा २०१३ च्या 'अवर ऑफ कोड' मोहिमेपासून सांगितला जातो. फार तर १९६७ च्या 'लोगो' भाषेचा आणि सीमोर पेपर्ट यांचा उल्लेख होतो. मधला १९८२ चा टप्पा मात्र निसटतो.

२/ त्या वर्षी 'ॲपल २' संगणकासाठी 'रॉकीज बूट्स' हा खेळ आला. रचनाकार वॉरेन रॉबिनेट आणि लेस्ली ग्रिम. हे तेच रॉबिनेट, ज्यांनी अटारीच्या 'ॲडव्हेंचर'मधील गुप्त खोलीत स्वतःचे नाव दडवले होते. कारण अटारी रचनाकारांना श्रेय देत नसे!

३/ खेळात एक बूट आहे. त्याच्यासमोरून एकेक आकृती जाते. काहींना लाथ बसली की गुण मिळतात, काहींना बसली की वजा होतात. लाथ केव्हा मारायची हे ठरवणारे यंत्र खेळाडूने आधी जोडून ठेवायचे असते.

समजा, फक्त निळ्या फुल्या उडवायच्या आहेत. निळा रंग ओळखणारा आणि फुली ओळखणारा असे दोन संवेदक 'अँड' गेटला जोडले की झाले. चुकून 'ऑर' जोडले, तर निळे चौकोनही उडतात आणि हिरव्या फुल्याही. वीज खेळते तो भाग नारिंगी होतो, त्यामुळे चूक कोणत्या सांध्यात आहे हे डोळ्यांना दिसते.

४/ या खेळाचे खरे महत्त्व इथे आहे. वर्गातले गणित एका प्रश्नाचे एक उत्तर मागते. इथे अजून समोर न आलेल्या आकृतीचाही निवाडा आधीच करून ठेवावा लागतो. अल्गोरिदम म्हणजे तरी दुसरे काय?

५/ जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेले तर्काचे बीजगणित क्लॉड शॅनन यांनी १९३७ च्या प्रबंधात विजेच्या स्विचांना लावले. तेच आता शाळकरी मुलांच्या हाती आले, तेही सूत्रांवाचून.

६/ १९८४ चा 'रोबोट ओडिसी' याच वाटेने पुढे गेला. ग्रिम यांच्यासोबत या वेळी माइक वॉलेस होते. यंत्रमानवाच्या पोटात शिरून तारा जोडायच्या. भिंतीला धडकल्यावर कुठे वळायचे हे त्याला आपले आपण कळले पाहिजे. जमलेली जोडणी एका चिपमध्ये साठवून ती दुसऱ्या यंत्रात वापरता येई. प्रोग्रामर ज्याला उपकार्यक्रम म्हणतात, तो इथे हातात धरण्याची वस्तू झाला होता. खेळ मात्र इतका कठीण, की मोठ्यांनाही घाम फुटावा.

७/ 'अवर ऑफ कोड'च्या पहिल्या पायऱ्यांवर एका ठरलेल्या चक्रव्यूहातून पक्ष्याला डुकरापर्यंत न्यायचे असते. नकाशा पूर्ण दिसतो. पावले मोजली की काम झाले. 'जर-तर' पुढे येते, पण उशिरा. सुरुवात सोपी असल्यामुळेच ती कोट्यवधी मुलांपर्यंत पोहोचली, हे मान्यच. तरीही तिथे मूल प्रथम मार्ग शोधते. 'रॉकीज बूट्स'मध्ये ते पहिल्याच सामन्यापासून नियम शोधत होते.