कसूर किती, नशीब किती

1957 साली केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ मायकेल फॅरेल यांनी विचारलं, हाताशी असलेल्या साधनांत जास्तीत जास्त किती काम होऊ शकतं, आणि प्रत्यक्षात किती होतं? अमेरिकेतल्या 48 राज्यांची शेती तपासून त्यांनी सर्वांत सरस राज्यांची एक सीमारेषा आखली. त्या रेषेपासून जेवढं अंतर, तेवढी अकार्यक्षमता. यात एक अन्याय होता. पावसाने दगा दिला तरी खापर शेतकऱ्याच्याच माथी फुटायचं.

1977मध्ये एग्नर, लव्हेल आणि श्मिट या अर्थतज्ज्ञांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे म्यूसेन आणि व्हान डेन ब्रूक यांनी, त्या अंतराचे दोन भाग केले: नशीब आणि कसूर. नशीब कधी वर उचलतं, कधी खाली पाडतं. कसूर मात्र नेहमी खालीच ओढते. ती अशी एकाच दिशेची असल्यामुळे आकड्यांमध्ये तिचा माग काढता येतो. या साऱ्या कुळकथेत मला हीच कल्पना सर्वांत देखणी वाटते.

तरीही एकाच वर्षाच्या आकड्यांवरून कुणा एकाची कसूर ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी तीच माणसं वर्षानुवर्षं पाहावी लागतात, आणि इथे आपली गावं येतात. सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर, अकोला जिल्ह्यातलं कंझरा, तेव्हाच्या आंध्रातलं औरेपल्ली अशा गावांत इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने 1975पासून घराघरांच्या शेतीच्या नोंदी ठेवल्या. ऑस्ट्रेलियातल्या बॅटीस आणि कोएली या संशोधकांनी काळानुसार बदलणारी कार्यक्षमता मोजण्याचं सूत्र मांडलं आणि 1992मध्ये ते औरेपल्लीच्या भातशेतकऱ्यांच्या नोंदींवर लावून दाखवलं. त्यांच्याच 1996च्या अभ्यासात शिरापूर आणि कंझराही आले. शेतकऱ्याचं वय, शिक्षण आणि जमिनीचा आकार यांचा प्रभाव तीनपैकी दोन गावांत ठळक दिसला.

पुढे ही पद्धत बँका, पाणीपुरवठा, रुग्णालयं अशा सेवांपर्यंत पोचली. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने अशीच सीमारेषा आखून 191 देशांच्या आरोग्यव्यवस्थांची क्रमवारी लावली. भारत 112वा आला. ती क्रमवारी गाजली आणि तिच्यावर टीकाही झाली. अमेरिकन अर्थमितितज्ज्ञ विल्यम ग्रीन यांनी 2004मध्ये संघटनेचीच आकडेवारी पुन्हा तपासली. तेव्हा दिसलं की देशादेशांच्या परिस्थितीतला मुळातला बराचसा फरक अकार्यक्षमता म्हणून मोजला गेला होता.

तेव्हा रुग्णालयांची किंवा महापालिकांची क्रमवारी वाचताना तळाशी कोण आहे हे पाहण्याआधी एवढं विचारा: त्यांच्या हाताबाहेरचं काय होतं, आणि ते हिशेबातून वेगळं काढलं आहे का?