माळवदावरची माती

मे महिना संपत आला की आपल्या मंडळातल्या गप्पांचा विषय हमखास बदलतो. एरवी मुलांच्या शाळा, इकामा आणि विमानाची तिकिटे यांवर चालणारे बोलणे गावाकडच्या घरावर येते. कुणाच्या चिपळूणच्या घराची कौले परतायची राहिलेली असतात, कुणाच्या सांगलीच्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्याचे पाणी झिरपत असते. आपण इथे भाडेकरू आणि तिथे घरमालक. घर तिथे, मिस्त्री तिथे, आणि पैसे मात्र बत्ह्याच्या काउंटरवर रांग लावून जाणार. घरदुरुस्तीवर काहीतरी लिहा, असा आग्रह झाला तेव्हा सिमेंट आणि रंगाच्या भावांची यादी देण्यापेक्षा इतिहासातली एक हकीकत सांगावी, असे आम्हांला वाटले. महाराष्ट्रातल्या सुमारे दोन लाख कुटुंबांनी जवळजवळ एकाच वेळी आपापल्या घरांची दुरुस्ती स्वतः उभे राहून करून घेतली, तिची ही हकीकत. पण सुरुवात इथूनच करू.

बत्हा या शब्दाचा अर्थच मुळी ओढ्याचे वाळू-खड्यांचे पात्र. जिथे आज आपण भाजी, भांडी आणि रिचार्ज कार्डे घेतो, तिथून एके काळी पावसाचे पाणी वाहत असे. तिथून थोडे पश्चिमेला चालत गेले की दिरा भाग आणि त्यात मस्मक किल्ला लागतो. १९०२ साली अब्दुल अझीझ यांनी तो घेतला आणि १९९५ पासून तिथे संग्रहालय आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला आहे, पण पाहुण्यांना दाखवताना आपली नजर दरवाजावर आणि तोफांवर असते. पुढच्या वेळी छताकडे पाहा. अथल झाडाच्या तुळया, त्यांवर खजुराच्या झावळ्या आणि त्यांवर मातीचा थर. भिंती उन्हात वाळवलेल्या, पेंढा घातलेल्या मातीच्या विटांच्या. छताच्या कडेला पाणी दूर फेकणाऱ्या लाकडी पन्हळी.

जुने रियाध असेच होते. इथे वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, तरीही हिवाळी पावसाच्या आधी छताला आणि भिंतींना माती लिंपणे चुकत नसे. मातीचे घर एकदा बांधून संपत नाही, ते सांभाळत राहावे लागते. १९७४ साली इथल्या सरकारने घरबांधणीसाठी बिनव्याजी कर्जे देणारा निधी काढला. हळूहळू मालक मंडळी काँक्रीटच्या नव्या घरांत राहायला गेली. जुन्या घरांत भाडेकरू आले. भाडेकरू कशाला छत लिंपतो? लिंपणे थांबले आणि एक एक घर ढासळत गेले. मालक दूर गेला की घराचे काय होते, याचा हा नमुना आपल्या उंबऱ्यापाशीच आहे.

आता सोलापूर, लातूर, धाराशिव या भागातल्या सभासदांनी मस्मकचे छत पाहिले, तर त्यांना आपले माळवद आठवल्यावाचून राहणार नाही. लाकडी खांब, तुळया, कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर खारी माती. दर वर्षी मिरगाच्या आधी नवी माती आणायची, पसरायची, पाणी मारून धुमसाने चोपायची आणि ढाळ पन्हळीकडे काढायचा.

ही माती खारीच का, याचे उत्तर आमच्या पेशाचे आहे. आमचा पेशा रसायनशास्त्राचा. चिकणमातीचे कण पानासारखे चपटे असतात. त्यांत सोडियमचे प्रमाण जास्त असले की ओले झाल्यावर ते एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि मधली बारीक छिद्रे बुजवून टाकतात. मग पाणी खाली उतरत नाही. शेतकरी जिला चोपण जमीन म्हणून नावे ठेवतो, ती याच गुणामुळे. शेतात जो शाप, तोच छतावर उपयोगाला येतो. रसायनशास्त्र न शिकता आपल्या पूर्वजांनी हे हेरले होते.

पण मातीचे काम कायमचे नसते. उन्हाळ्यात ती तडकते, पावसात थोडी वाहून जाते. पुन्हा गळती लागते. अशा वेळी खरे तर जुना थर काढून, खालचे लाकूड तपासून मग नवी माती घालायला हवी. हे मोठे जिकिरीचे काम. त्यापेक्षा दोन गाड्या माती आणून वर टाकणे सोपे आणि स्वस्त. बाप असे करत आला, मुलगाही तसेच करू लागला. पिढ्यान्‌पिढ्या छत जाड होत गेले. फूटभर, दोन फूट, काही ठिकाणी त्याहूनही जास्त.

वजनाचा हिशेब करून पाहा. दहा बाय दहा फुटांची खोली घेतली आणि छतावर अर्धा फूट माती असली, तर ती दोन टनांच्या थोडी वर जाते. तीच दोन फूट झाली, तर आठ-नऊ टन. एवढा भार डोक्यावर घेऊन माणसे निवांत झोपत होती. भिंती तरी कशा? दोन-तीन फूट जाडीच्या, काळ्या दगडांच्या, पण दगड मातीत बसवलेले. आतून एक थर, बाहेरून एक थर आणि मध्ये दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुधा नसायचाच. दिसायला किल्ल्यासारखी भिंत, पण आतून दोन सुटी पाखे. उभा भार ती पेलते, आडवा हिसका तिला सोसत नाही.

तो हिसका ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास बसला. गणेश विसर्जन आटोपून दमलेली गावे गाढ झोपली होती. औसा तालुक्यातले किल्लारी आणि उमरगा भागातले सास्तूर ही नावे त्या दिवशी जगभर गेली. जवळपास ८,००० माणसे मेली. आम्ही तेव्हा पाळण्यात होतो. सोलापुरात आमच्या घरात मांडणीवरची भांडी खाली आली आणि आजीने आम्हांला उचलून अंगणात नेले, एवढे ऐकून माहीत आहे. १९९२ पासून किल्लारीला लहान धक्के जाणवत होते. पण त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो नकाशा २००२ साली बदलला.

भूकंप तसा जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडणारा नव्हता. तीव्रता सहाच्या थोडी वर. जीव घेतला तो दगडांनी आणि मातीने. कित्येक ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला आणि भोवतालच्या भिंती आत कोसळल्या. कुडाच्या झोपडीत राहणारा गरीब बचावला आणि चिरेबंदी वाड्यातला सुखवस्तू गाडला गेला. हे सांगताना आजीचा आवाज खाली जायचा. ज्या मातीने पिढ्यान्‌पिढ्या पाऊस अडवला, तीच अंगावर आली, असे ती म्हणायची.

पुढची गोष्ट मात्र तितकीशी सांगितली जात नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ साली राज्य सरकारने पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. सर्वांत जास्त हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. तिथे जमीनधारणेप्रमाणे २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरे बांधून मिळाली. वर्तमानपत्रांतले फोटो बहुतेक याच गावांचे. पण कामाचा फार मोठा वाटा दुसराच होता. आजूबाजूच्या जिल्ह्यांत, अडीच हजारांच्या आसपास गावांत, सुमारे दोन लाख घरे तडकलेली पण उभी होती. ती दुरुस्त आणि मजबूत करायची होती. एवढ्या घरांना ठेकेदार कुठून आणणार? म्हणून ठरले की घरमालकानेच काम करून घ्यायचे. सरकार पैसे आणि इंजिनिअरचा सल्ला देणार. पैसे हप्त्याहप्त्याने बँकेच्या खात्यात येणार, आणि आधीचा टप्पा तपासून झाल्यावरच पुढचा हप्ता सुटणार.

काय करायचे, हे प्रा. आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या भूकंप-अभियंत्यांनी घालून दिले होते. पहिली पायरी म्हणजे छतावरची जादा माती उतरवणे. तिला सिमेंट लागत नाही, सळई लागत नाही, फक्त टोपली आणि फावडे. मग भिंतीत जागोजागी भोके पाडून त्यांत सळई आणि काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन सुटी पाखे एकमेकांना बांधली जातात. दारांच्या वरच्या पातळीवर घराभोवती जाळी आणि सिमेंटचा पट्टा ओढायचा, पिंपाला लोखंडी पट्टी आवळतात तसा. लाकडी खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे टेके द्यायचे.

कागदावर सोपे. पण पहिल्या पायरीलाच घोडे अडायचे. माती उतरवली तर पाऊस आत येईल, ही भीती पिढ्यांची होती. शिवाय ज्या दगडाने माणसे मारली, त्याच दगडाच्या आत पुन्हा झोपायला कुणी तयार होईना. बऱ्याच जणांनी जुन्या घराची दुरुस्ती सोडून त्या पैशांत शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. अभियंत्यांना हे पटले नाही. पण राहायचे कुणाला होते? आम्हांला वाटते, दोघांचेही बरोबर होते. नवी खोली झाली हे चांगलेच, पण मागच्या जुन्या घरातली माती तशीच राहिली आणि म्हातारी माणसे बहुधा तिथेच झोपत राहिली.

घरमालक आणि इंजिनिअर यांच्यातले हे अंतर बुजवायला जी माणसे पुढे आली, ती गावातल्या बाया होत्या. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांना या कामात आणले. गावातलीच एक बाई ‘संवाद सहायक’ म्हणून नेमली जाई. हप्ता का अडला, माप कुठे चुकले, इंजिनिअर काय म्हणाला, ते ती घरोघर सांगे. आणि घरातल्या बाईचे म्हणणे परत इंजिनिअरपर्यंत नेई. सिमेंटला किती दिवस पाणी मारायचे, हे शिकल्यावर लक्ष ठेवायला तिच्यासारखे दुसरे कुणी नव्हते, कारण पाणी भरणारी तीच. सिमेंट वाळल्याने घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. पाणी तोडले की काम कच्चे राहते. दुष्काळी भागात हे पाणी डोक्यावरून आणलेले होते. पुढे २००१ साली कच्छचा भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या याच बाया तिथल्या बायांना आपला अनुभव सांगायला गेल्या.

आता आमची स्वतःची गोष्ट. सांगायला लाज वाटते, पण उपयोगी पडेल म्हणून सांगतो. सोलापूरच्या आमच्या घराला स्लॅब आहे. ती गळू लागली तेव्हा आजोबांनी वर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून घेतला. काही वर्षांनी पुन्हा गळाली, वडिलांनी दुसरा थर दिला. पाच वर्षांपूर्वी आईचा फोन आला की खोलीत पुन्हा ओल आली. आम्ही रियाधहून पैसे पाठवले आणि सांगितले, “मिस्त्रीला म्हणावं, वरून एक थर मारून टाक.” दोन पावसाळ्यांनी छताचा गिलावा आईच्या पलंगाशेजारी पडला. मग एका जाणकार इंजिनिअरला बोलावले. गळती गच्चीतून नव्हतीच. कोपऱ्यातल्या पावसाच्या पाइपचे तोंड फुटले होते आणि पाणी तिथून स्लॅबमध्ये शिरत होते. आतली सळई गंजली होती. लोखंड गंजले की जागा जास्त व्यापते आणि भोवतालचे काँक्रीट फोडून बाहेर येते, हे आम्ही विद्यार्थ्यांना शिकवलेले आहे. आणि किल्लारीचा मातीचा हिशेबही आम्हांला पाठ होता. तरीही स्वतःच्या छतावर आम्ही तिसरा थर चढवला. तिन्ही थर फोडून खाली उतरवायला जो खर्च आला, तो मूळ दुरुस्तीपेक्षा जास्त होता.

तेव्हा या सुट्टीत गावी जाणाऱ्यांना आमचे सांगणे एवढेच. पैसे पाठवण्याआधी पाणी कुठून येते ते शोधून घ्या. जुने काढल्याशिवाय नवे घालू नका. पैसे हप्त्यांनी द्या आणि झाकले जाणारे काम झाकण्याआधी त्याचे फोटो मागवा. फ्लॅट असेल तर सोसायटीचे उपविधी वाचा. बाहेरच्या भिंतीची गळती सोसायटीच्या खर्चाची, आपल्या मोरीची आपल्या. इमारत तीस वर्षांवर गेली असेल तर दर तीन वर्षांनी तिची तपासणी व्हायला हवी, ती झाली का ते विचारा. आणि प्रत्येकाच्या घरी एक संवाद सहायक असतेच. वहिनी, मामी, शेजारच्या काकू. मिस्त्रीपाशी उन्हात उभी राहणारी तीच. तिला फक्त निरोप्या समजू नका. काय करायचे आणि का करायचे, हे तिला नीट सांगा आणि ती काय म्हणते ते ऐका. आमच्या आईने तिसऱ्या कोब्याच्या वेळी म्हटले होते, “पाणी कोपऱ्यातनंच येतंय रे.” आम्ही ऐकले नाही.

गावी पोचलात की पहिल्याच दिवशी शिडी लावून छतावर चढा.