परवाना एका देशाचा, आकाश दुसऱ्याचे

विमान ज्या देशात नोंदलेले असते, त्या देशाने दिलेला किंवा मान्य केलेला परवाना वैमानिकाजवळ असावा लागतो. १९१९च्या पॅरिस कराराने घातलेला हा दंडक १९४४च्या शिकागो कराराच्या ३२व्या कलमात कायम झाला. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे: आपल्या नागरिकाने परदेशात मिळवलेला परवाना स्वतःच्या हद्दीतील उड्डाणासाठी नाकारण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. परदेशात शिकून ठाणे-डोंबिवलीला परतणाऱ्या तरुणाची वाट अडते ती याच जागी.

मुंबई परिसरात हौशी उड्डाण रुजले ते जुहूला. तिथे शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्माचा पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. पुढच्याच वर्षी आगाखान पारितोषिकासाठी ते एकट्याने कराचीहून इंग्लंडकडे निघाले. उलट दिशेने येणारे स्पर्धक अस्पी इंजिनियर इजिप्तमध्ये अबुकीरला स्पार्क प्लगअभावी अडकले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले आणि शर्यत अस्पींनी जिंकली. स्पर्धेतला हा उमदेपणा त्या काळच्या उड्डाणविश्वाची खरी ओळख करून देतो.

कल्याणला धावपट्टी आली ती मात्र युद्धापायी. १९४२च्या सुमारास ब्रिटिश सरकारने नेवाळी परिसरातील शेतकऱ्यांची १,५०० एकरांहून अधिक जमीन लष्करी विमानतळासाठी ताब्यात घेतली. युद्ध संपले, कल्याणच्या लष्करी छावणीत निर्वासित आले आणि १९४९मध्ये तिचे उल्हासनगर झाले. नेवाळीची जमीन संरक्षण खात्याकडेच राहिली. जून २०१७मध्ये नौदलाने तिथे भिंत घालायला घेतली, तेव्हा हाजीमलंग रस्त्यावर शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन युद्धापुरती म्हणून गेली आणि परत आली नाही, हे त्यांचे दुःख समजून न घेता या धावपट्टीचा इतिहास लिहिता येणार नाही.

ही धावपट्टी अशी संरक्षण खात्याकडेच राहिली; विमान शिकायचे तर इथल्या मुलामुलींना बारामती किंवा धुळे गाठावे लागते, नाहीतर अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड. अमेरिकेतला व्यावसायिक परवाना घेऊन परतलेल्या उमेदवाराला इथे वैद्यकीय तपासणी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या लेखी परीक्षा आणि प्रत्यक्ष उड्डाणाची चाचणी द्यावी लागते. परवाना अस्सल असल्याची खातरजमा तो देणाऱ्या देशाकडून होते. लॉगबुकातले तास हिशेबात धरले जातात. ३०० सागरी मैलांच्या लांब उड्डाणाची नोंद त्यात नसेल, तर ते उड्डाण नव्याने करावे लागते.

हौशी वैमानिकाला अमेरिकेत थोडी सवलत आहे. भारतीय खासगी परवान्याची पडताळणी झाली की त्याच्या आधारावर तिथला परवाना मिळतो. मात्र मूळ भारतीय परवाना निलंबित झाला, तर अमेरिकेतलाही निरुपयोगी ठरतो.

भारतात नोंदलेले विमान भारतीय परवान्यावर परदेशात नेता येते, पण वाटेतल्या देशांचे नियम पाळावेच लागतात. बोरिवलीच्या आरोही पंडितने मे २०१९मध्ये सायनस ९१२ हे छोटे विमान एकटीने स्कॉटलंडहून आइसलँड आणि ग्रीनलँडमार्गे कॅनडातल्या इकॅलुइटला उतरवले. हलक्या क्रीडाविमानातून अटलांटिक एकटीने ओलांडणारी ती पहिली स्त्री ठरली.