प्रतिसाद-शीर्षकांचे ब्राउझरमधील वाचन
वेबवरील सर्व्हर मागणीला उत्तर देताना मूळ मजकुराच्या आधी माहितीच्या ज्या ओळी पाठवितो, त्यांस प्रतिसाद-शीर्षके म्हणतात. मजकुराचा प्रकार, भाषा, शेवटच्या बदलाची तारीख इ. तपशील त्यांत असतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्टला त्यांपैकी काय वाचू द्यावे, या प्रश्नाचा इतिहास हा मुख्यतः परवानगीचा इतिहास होय.

टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ मधील मूळ एचटीटीपी संकेतात शीर्षके नव्हती. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १·० आवृत्तीत ती नोंदली गेली. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधील एक्सएमएलएचटीटीपी या घटकामुळे स्क्रिप्टला स्वतः मागणी पाठवून उत्तराची शीर्षके वाचणे शक्य झाले. पुढे मोझिलानेही ही सोय स्वीकारली आणि २००६ मध्ये डब्ल्यू३सी या संस्थेने तिच्या मानकाचा पहिला मसुदा काढला. मात्र हे वाचन स्क्रिप्टने केलेल्या मागणीपुरतेच असते. उघडलेल्या पृष्ठाची मूळ शीर्षके जशीच्या तशी तिला मिळत नाहीत.

मर्यादांचे कारण सुरक्षितता हे होय. उदा., कात्रप (बदलापूर) येथील खातेदार बँकेच्या संकेतस्थळावर प्रवेश केलेला असताना दुसरे एखादे पृष्ठ उघडतो. त्या पृष्ठावरील स्क्रिप्टला बँकेची उत्तरे वाचता आली, तर खात्याची गुप्तता उरणार नाही. म्हणून परक्या संस्थळाचे उत्तर समान-मूळ नियमाने रोखले जाते. प्रवेशाची खूण देणारे सेट-कुकी हे शीर्षक तर आता त्याच संस्थळाच्या स्क्रिप्टलाही वाचता येत नाही.

सरसकट बंदीमुळे संस्थळांमधील उपयुक्त देवाणघेवाणही अडते. यावर तोडगा म्हणून आखलेल्या सीओआरएस या पद्धतीस डब्ल्यू३सीने जानेवारी २०१४ मध्ये मान्यता दिली. तीनुसार सर्व्हरने संमती दिल्यास कंटेंट-टाइप, लास्ट-मॉडिफाइड यांसारखी मोजकी शीर्षके परक्या स्क्रिप्टला वाचता येतात; इतर शीर्षकांची नावे सर्व्हरने ॲक्सेस-कंट्रोल-एक्स्पोज-हेडर्स या शीर्षकात स्वतंत्रपणे द्यावी लागतात. २०१५ पासून ब्राउझरांत आलेल्या फेच या नव्या सोयीलाही हेच नियम लागू आहेत.

१ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया हे या व्यवस्थेचे जवळचे उदाहरण होय. त्याच्या लेखपृष्ठाच्या उत्तरात कंटेंट-लँग्वेज या शीर्षकाचे मूल्य ‘एमआर’ म्हणजे मराठी असे असते. त्याच्या एपीआयकडे कोणत्याही संस्थळावरील स्क्रिप्टला माहिती मागता येते. मात्र अशी सर्वांसाठी खुली मागणी अनामिक मानली जाते व सदस्याची ओळख तीत वापरली जात नाही. ज्ञान खुले ठेवूनही व्यक्तीची ओळख राखण्याची ही रीत आहे.