नर्रईचा नाला

घमापुरातून सकाळी लवकर निघालं की मंडला रस्त्याने बरेला गाठायला फारसा वेळ लागत नाही. तिथून जवळच नर्रई नाला आणि राणी दुर्गावतीची समाधी. जबलपूरला पोस्टिंग आल्यावर मी पहिल्यांदा तिथे गेलो तो मे महिना होता. नाल्यात वाळू, गोटे आणि कुठेतरी एखादं डबकं. बूट न भिजवता पलीकडे गेलो आणि मनात आलं, याने एका राज्याचा निकाल लावला?

१५६४ च्या जूनमध्ये कडा-माणिकपूरचा मोगल सुभेदार आसफखान गढा राज्यावर चालून आला. राणीकडे माणसं कमी, तोफखाना नाही. तिने जागा मात्र अशी निवडली की आजही कुठल्याही स्टाफ कॉलेजात शाबासकी मिळावी: दोन्हीकडे टेकड्या, मधून अरुंद वाट, आणि आसपास गौर व नर्मदेचं पाणी. खिंडीत तिचा फौजदार अर्जुनदास बैस पडला, तरी पहिल्या दिवशी तिने मोगलांना मागे रेटलं.

त्या संध्याकाळची हकीकत अबुल फज्ल देतो. राणीचं म्हणणं होतं, रात्रीच छापा घालू, सकाळपर्यंत खानाच्या तोफा पोचतील. सरदारांनी मानलं नाही. माणसं थकली होती, दिवस आपला झाला होता. सकाळी खिंडीच्या तोंडावर तोफा आल्या.

दुसरी गोष्ट लिहिली आहे स्लीमनने, ठगांच्या बंदोबस्तामुळे जबलपुरात नाव झालेला तोच. राणीच्या पाठीमागचा नाला आदल्या दिवशी जवळजवळ कोरडा होता, रात्रीत फुगला आणि माघारीची वाट बंद झाली. स्लीमनचं पुस्तक १८४४ चं, म्हणजे ही लोकांच्या तोंडून आलेली आठवण. पण जूनअखेरीस या भागातला नाला ज्याने पाहिला आहे त्याला ती खोटी वाटणार नाही. मुलगा वीरनारायण जखमी होऊन मागे गेला. राणीला बाण लागले. २४ जूनला, पकडलं जाण्याऐवजी तिने स्वतःवर कट्यार चालवली.

आपल्याकडचं उदाहरण लगेच आठवतं. जुलै १६६०, पन्हाळा ते विशाळगड. तोही पाऊस, तीही रात्र, बरोबर सुमारे सहाशे माणसं. पण तिथे पाठीमागचा विचार आधीच झाला होता. घोडखिंडीत कोण थांबणार, किती वेळ, आणि गडावर पोचल्याची खूण काय, हे ठरलं होतं. बाजीप्रभूंचं शौर्य आपण गातो, गायलाच हवं. त्यामागचं नियोजन मात्र कुणी गात नाही.

खडकवासल्याला कॅडेट असताना सिंहगडाच्या अंगाखांद्यावर आम्हाला एक गोष्ट घोटून घेतली: प्रत्येक नाल्याच्या अलीकडे मोजणी, पलीकडे पुन्हा मोजणी, आणि सगळ्यात मागे सगळ्यात भरवशाचा माणूस. तेव्हा कंटाळा यायचा. आता सुट्टीवर पुण्याला गेलो की पावसाळी ट्रेकचे ग्रुप दिसतात, पुढचा लीडर शिट्टी घेऊन धावतोय आणि शेवटचा कोण हे कुणालाच ठाऊक नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण गेले. प्रवाहाच्या मधल्या खडकावर ते एकमेकांना धरून उभे होते. ते तिथे गेले तेव्हा तिथवर जाता येत होतं, एवढंच.

डोंगरातलं पाणी असंच येतं. पाऊस वरच्या पठारावर पडतो, तुमच्या डोक्यावर कदाचित ऊनही असेल. आधी पाण्याचा रंग बदलतो, मग काटक्या-पालापाचोळा वाहून येतो, आवाज जड होतो. तेवढ्यात बाहेर पडायचं असतं, सेल्फी काढायची नसते. आणि अडकलात तर अलीकडेच बसून राहा. लहान नाला जसा चढतो तसा पाऊस थांबल्यावर काही तासांत उतरतो. रात्र उपाशी काढावी लागली तर लागली. कमरेला दोर बांधून घुसण्याचं धाडस तर मुळीच नको, अडकलेला दोर माणसाला पाण्याखाली धरून ठेवतो.

कठीण असतं ते दमलेल्या लोकांना पटवणं. राणीलाही पटवता आलं नाही. ग्रुप थकलेला असतो, घरी जायचं असतं, कुणाची गाडी चुकणार असते, आणि मग निर्णय वाटेवरून नाही तर पायांवरून होतो. म्हणून मी निघण्याआधीच सांगतो: दुपारी अमुक वाजता, असू तिथून मागे फिरायचं. त्यावर चर्चा सकाळी चहाबरोबर, वर गेल्यावर नाही.

स्लीमन लिहितो, येणारे-जाणारे वाटसरू राणीच्या समाधीवर आसपास सापडलेला सगळ्यात सुंदर स्फटिक ठेवून जात. जूनच्या शेवटच्या रविवारी आम्ही नऊ जण तिकडे गेलो. नाल्याला पाणी होतं, चहाच्या रंगाचं, गुडघ्याच्या वर. दोघा तरुण पोरांनी बूट काढायला घेतले. मी काही बोलायच्या आत आमच्या सुभेदारसाहेबांनी अलीकडेच सतरंजी पसरली आणि डबे उघडले.