वेरूळचा कॅमेरा आणि नव्या फोनचा प्रश्न

१/ दरवर्षी नवा स्मार्टफोन, आणखी चांगला कॅमेरा. जुना बदलावा का? वेरूळच्या चित्रणाचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो.

२/ जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये वेरूळच्या लेण्यांची २४ चित्रे प्रसिद्ध केली. तेव्हाचे साधन हात आणि पेन्सिल.

३/ १८४४ मध्ये रॉबर्ट गिलची अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्यासाठी नेमणूक झाली. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. अजिंठा-वेरूळची त्याची ७४ छायाचित्रे १८६४ च्या ग्रंथात आली; मजकूर जेम्स फर्ग्युसनचा.

४/ १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तेथे मांडलेल्या गिलच्या प्रतिकृती जळाल्या. छायाचित्रे ग्रंथाच्या प्रतींतून उरली. मात्र त्यांत अजिंठ्याचे रंग नव्हते.

५/ म्हणून नवा फोन घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: तो नेमका कशासाठी हवा? आणि जुन्यातल्या छायाचित्रांची दुसरी प्रत कोठे आहे?