कपाटातल्या डीव्हीडी टाकण्यापूर्वी

कपाट आवरताना जुन्या डीव्हीडी निघाल्या की मुलं म्हणतात, “टाकून दे ना आई, सगळं मोबाइलवर मिळतं!” टाकण्यापूर्वी थोडा इतिहास पाहूया.

‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये लागला. आज त्याची एकही प्रत सापडत नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी. शिवाय तिच्यात चांदी असे, ती काढून घेण्यासाठी जुनी रिळं विकली जात. त्याउलट प्रभातचा १९३२ सालचा ‘अयोध्येचा राजा’ आजही पाहता येतो, कारण त्याची प्रत टिकली. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी अशी रिळं शोधून जमवण्यात आयुष्य घातलं.

१९७६ साली जपानमध्ये व्हीएचएस कॅसेट आली, १९९६ साली डीव्हीडी. चित्रपट थिएटरमधून आपल्या कपाटात आला. पुढे मोझर बेअरने व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना दिली, तेव्हा मध्यमवर्गीय घरातही संग्रह जमू लागला.

नेटफ्लिक्सची सुरुवातही १९९८ साली डीव्हीडी पोस्टाने पाठवण्यापासूनच झाली. २००७ साली स्ट्रीमिंग आलं, आणि २९ सप्टेंबर २०२३ रोजी त्यांनी अमेरिकेत शेवटची डिस्क पाठवली.

स्ट्रीमिंग सोयीचं आहे, मीही वापरते. पण तिथे आपण चित्रपट विकत घेत नाही, पाहण्याचं भाडं भरतो. हक्कांचा करार संपला की चित्रपट यादीतून जातो. आमच्याकडे अर्धा पाहिलेला एक जुना मराठी चित्रपट पुढच्या आठवड्यात गायब होता. वर्षाचे पैसे मात्र भरलेले होते.

म्हणून मी यादी केली. जे चित्रपट सहज मिळतात, त्यांच्या डिस्क देऊन टाकल्या. जे कुठेच दिसत नाहीत, ते ठेवले. डिस्क उभ्या ठेवा, ऊन आणि ओल लागू देऊ नका, कडेनेच धरा. डिस्कही कायमची टिकत नाही, म्हणून वर्षातून एकदा लावून पाहा. आणि चालू स्थितीतला प्लेयर भंगारात देऊ नका. त्याच्याशिवाय डिस्क असून नसल्यासारखीच.

तुमच्या कपाटात असा कोणता चित्रपट आहे, जो आता कुठेच मिळत नाही?